अठरा मिनिटांची प्रार्थना

कोमलनं माझी प्रार्थना फोनात पकडली, तिथनं सगळं सुरू झालं. रविवारची दुपार, सोमाटण्याचा आमचा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, जेवणं झालेली, मी दिवाणावर आडवी. नात येऊन म्हणाली, "आज्जी, रजनीताईंच्या नव्या घरात तू प्रार्थना केलीस ना, ती मी रेकॉर्ड केलीय. अठरा मिनिटं आहे. ऐकायची?" आता नको म्हणणारी मी कोण! उठून बसले, पदर सारखा केला, जशी काय फोनातली बाई मला बघणार व्हती. तुमी देहूरोडच्या आमच्या चर्चात कुणालाबी विचारा. बारसं असू दे, साखरपुडा असू दे, नवं घर, नवी गाडी, कुणाचं ऑपरेशन, लोक पाळकसाहेबांच्या आधी मला विचारतात, मावशी मोकळ्या हाईत का. चाळीस वर्सं मी मोठ्यानं प्रार्थना करतीय. माझ्या प्रार्थनेत चहा गार झालेत, भजी मऊ पडलीत, एकदा तर नवरदेव उभ्या उभ्या झोपला. बरं, झोपला न्हाई, डुलला. पण लोकांना आवडतं. माझं बाप्तिस्म्याचं नाव एस्तेर, पण कुणी एस्तेरबाई म्हणून हाक मारली तर मीच मागं वळून बघते कोण आली. परंदवडीत जन्मले ती अंबू, आन् परंदवडीच्या बाईला गोष्ट सांगायला शिकवावं लागत न्हाई. राजमाचीच्या धुक्यावर मी लुगडं वाळत घातलेलं, ऊन पडल्यावर धुकं उठून चालू लागलं आन् लुगडं कर्जतला सापडलं, ही माझी गोष्ट तुमी ऐकली नसंल तर तुमी मावळातले न्हाईच.

तर फोनातली बाई बोलत व्हती आन् मी माना डोलवत व्हते. आवाज माझा, पण जरा चिरका. रजनीच्या घराच्या चार भिंती झाल्या, तिच्या गुडघ्याचं दुखणं झालं, देशाचे सैनिक झाले, मंग अकराव्या मिनिटाला ती बाई म्हणाली, "प्रभू, तू माझ्या धन्याला नेलंस, तवा त्याचा हात माझ्या हातात व्हता. तो माझ्याकडं बघत व्हता, मी तुझं गीत म्हणत व्हते, आन् गीताच्या शेवटच्या कडव्याला तू त्याला उचललंस." हे तर मी दर वेळी म्हणते. म्हणताना माझ्याच अंगावर काटा येतो. पण त्या दिवशी बाहेरनं ऐकलं, दुसऱ्या कुणाचं ऐकावं तसं, आन् 'त्याचा हात' म्हणायच्या आधी त्या बाईनं घेतलेला श्वास मला ऐकू आला. बारीकसा, घाईचा. तो श्वास मी ओळखते. माझ्या लुगड्याच्या गोष्टीत धुकं उठायच्या आधी मी असाच श्वास घेते. माझ्या मनात आलं, ही बाई थाप मारतीय. आन् मंग ध्यानात आलं की ही बाई म्हणजे मी.

दारात अतुल उभा व्हता. माझा लेक, पंचेचाळिशीचा, तळेगावच्या कारखान्यात सुपरवायजर, कधी डोळ्यात पाणी आणणारा न्हाई. त्याचे डोळे भरलेले. म्हणाला, "कोमल, पप्पांचं ते परत लाव." तिनं लावलं. परत तो श्वास. परत हात. अतुल म्हणाला, "फेब्रुवारीत पप्पांना जाऊन दहा वर्षं होतील. चर्चमध्ये स्मरणाची उपासना ठेवतोय. साक्ष तूच द्यायची आई. हीच द्यायची. मी तेव्हा नाशिकला होतो, मला तेवढंच आहे." मी म्हणले, व्हय की. सून स्वयंपाकघरातनं म्हणाली, "आई, पण आठ मिनिटांत बसवा हं." सारिका शाळेत शिकवते, तिला सगळं तासाच्या घंटेत बसवायची सवय.

त्या दिवसापासनं माझी प्रार्थना गेली. खरंच गेली. तोंड उघडलं की फोनातली बाई बोलायला लागायची आन् मी तिचा श्वास कधी येतो त्याची वाट बघत बसायचे. एका बारशाला मला बोलावलं, आन् मी 'हे कृपाळू बापा' म्हणून गप्प. लोकांना वाटलं मी भारावले. बाळाच्या आजीनं तर डोळे पुसले. मी घरी आले आन् पंख्याकडं बघत बसले. चाळीस वर्सांत मला असं झालं नव्हतं. दात पडला तर माणूस जिभेनं चाचपतो, तशी मी दिवसभर त्या रिकाम्या जागेला चाचपत व्हते.

रजनीला सांगितलं. सगळं न्हाई, एवढंच की प्रार्थना व्हईना. रजनी म्हणजे निवृत्त बाई, तळेगावच्या शाळेतली, बोलणं मोजकं. ती म्हणाली, "अंबू, गुरुवारी माझ्याबरोबर लोणावळ्याला चल. तिथं धर्मभगिनींच्या आश्रमात सिस्टर प्रेरणा गप्प बसायला शिकवतात." मी म्हणले, "मला? अगं, माझं लगीन ठरलं तवा माझ्या आईनं सासरच्यांना आधीच सांगून ठेवलं व्हतं, पोरगी झोपेत बी बोलती." पण गेले. रजनीच्या बिनगेरच्या स्कूटीवर, जुन्या हायवेनं, दोघींचं वय एकशे पस्तीस. कामशेतपर्यंत माझी बडबड चालू, पुढं हेल्मेटात माझाच आवाज घुमायला लागला म्हणून थांबले.

डोंगराच्या कुशीला बसकं कौलारू घर, बाहेर बोगनवेल, आत चटया आन् म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या. सिस्टर प्रेरणा पस्तिशीची, पायात साधी स्लीपर, बोटाला हळद. आताच भाजी फोडणीला टाकून आलेली दिसत व्हती. मला म्हणाली, "आजी, इथं शब्द फार लागत नाहीत."

"किती लागतात?"

"एक."

"एका शब्दात काय प्रार्थना व्हती व्हय? एका शब्दात तर मी म्हशीला बी बोलवत न्हाई."

ती हसली. म्हणाली, "देवाला काही सांगायचं नाही. त्याला माहीत आहे. तुम्ही त्याच्याजवळ नुसतं बसायचं, आणि मनातून त्याला हो म्हणायचं. मन भटकणारच. भटकलं की आपला शब्द हळूच आठवायचा आणि परत यायचं. मनावर रागवायचं नाही. वीस मिनिटं." मंग म्हणाली, "शब्द तुम्हीच निवडा. छोटा." रजनीचा शब्द 'अब्बा'. शेजारच्या एका बाईचा 'शांती'. मी लय विचार केला. मोठे मोठे शब्द माझ्या तोंडाला इतके घासले गेलेत की ते काढले की मागनं आख्खी अठरा मिनिटं आपोआप यायची. शेवटी मी निवडलं, 'बरं'. सासूला बरं म्हणले, नवऱ्याला बरं म्हणले, लेकाला, सुनेला, पाळकसाहेबांना बरं म्हणले, पण मनातनं एकदा बी न्हाई. म्हणलं, बघू तरी हा शब्द खरा कसा वाटतो. सिस्टरला सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, मला सुचला नसता." माझी छाती दोन बोटं वर आली.

पहिल्यांदा बसले तवा काय सांगू. डोळे मिटले आन् आत बाजार भरला. कोथिंबीर आणायची, कोमलचा क्लास, गुडघा, लुगडं, धुकं, बरं, ह्या सिस्टरचं लग्न झालं असतं तर दोन पोरं असती, बरं, डोळे किलकिले करून बघितलं तर सगळे बसलेत, बरं, मीच सगळ्यात ताठ बसलीय, बरं. घंटी वाजली. मला वाटलं पास झाले. पुढच्या गुरुवारी सिस्टरनं विचारलं, घरी बसलात का, कसं वाटलं. आता आमच्या चर्चाची रीत अशी की देवानं काय केलं ते उभं राहून सांगायचं. साक्ष. जिच्या साक्षीला लोक रडतात तिचा देव मोठा. मी उभीच राहिले. सांगितलं, सिस्टर, बसले आन् उजेड आला, निळा, मंग अंग हलकं झालं, चटईपासनं चार बोटं वर, गॅलरीतलं कबूतर आत येऊन खांद्यावर बसलं. बायका बघत राहिल्या. रजनी जमिनीकडं बघत व्हती, तिचे खांदे हलत व्हते. सिस्टर मात्र हसली न्हाई. म्हणाली, "आजी, हे सगळं झालं नसतं तरी चाललं असतं. काहीच झालं नाही, ती पण प्रार्थनाच. बहुतेक वेळा तीच."

मला राग आला. परत येताना स्कूटीवर मी रजनीला म्हणले, "काहीच झालं न्हाई तर साक्षीत सांगायचं काय? उभं राहून म्हणायचं, मी बसले आन् मी उठले?" रजनी म्हणाली, "म्हण की." मी म्हणले, "तुझी साक्ष म्हणूनच कुणी ऐकत न्हाई." तिनं ब्रेक मारला. मंग कितीतरी वेळ आमी दोघी हायवेच्या कडेला उभ्या राहून हसत व्हतो, ट्रकवाले हॉर्न मारत जात व्हते.

पण मी सोडलं न्हाई. हरायची सवय न्हाई मला. सकाळी वीस, संध्याकाळी वीस, आन् मधल्या वेळात सिस्टरनं सांगितलेलं, हातातलं काम करता करता शब्द आठवायचा. इंद्रायणी तांदूळ निवडताना एकेक खडा बाजूला काढायचा आन् बरं. लिफ्टमध्ये चार मजले, बरं. भाकरी थापताना दोन्ही हातांत बरं. एकदा दूध ठेवलं गॅसवर आन् उभी राहिले, तर सारिका ओरडली, "आई! दूध उतू गेलं!" मी म्हणले, "प्रार्थनेत व्हते." ती म्हणाली, "मग डोळे उघडे ठेवून करा ना." हे मी सिस्टरला तक्रार म्हणून सांगितलं, तर सिस्टर म्हणते, सूनबाई बरोबर आहेत. त्या दिवशी दोघींचा राग आला, पण दुसऱ्या दिवसापासनं डोळे उघडे ठेवले. आन् डोळे उघडे ठेवल्यावर काय झालं, तर बाजार हळूहळू उठायला लागला. दुकानं उठतात तसा एकेक विचार गाठोडं बांधून जायला लागला. मला वाटलं आता मागं मोकळं मैदान राहणार. मैदानात एक खाट व्हती.

जनरल वॉर्डाची लोखंडी खाट. खिडकीजवळची. निळी चादर, तिच्यावर आमचे हे, शरच्चंद्र, डेपोतले हेडक्लार्क, ज्यांनी आयुष्यात एकदा बी आवाज चढवला न्हाई. दुपारचे चार, भेटायची वेळ. मी तांदूळ निवडत व्हते आन् ती खाट समोर आली, मी म्हणले बरं, आन् ती गेली न्हाई. दुसऱ्या दिवशी परत आली. आधी वाटलं ही पण भटकणंच हाय, शब्द आठवायचा आन् परत यायचं. पण शब्दाकडं परत आले की तिथंच खाट. त्या दिवशी यांना जरा बरं वाटत व्हतं. दोन घास खाल्ले व्हते. मी त्यांचा हात धरून बसलेते, हे खरं हाय. शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईनं विचारलं, "मावशी, तुमी कुठल्या?" मी म्हणले परंदवडीच्या. आन् परंदवडी म्हणलं की मी थांबते व्हय? माझ्या बापाच्या बैलाची गोष्ट काढली, त्यानं रुळावर उभं राहून मालगाडी कशी अडवली आन् गार्डाला शिंगावर घेऊन घोरावाडी स्टेशनात कसा सोडला. एक बाई हसली, मंग दोघी, मंग समोरच्या खाटेवरचा प्लॅस्टरवाला, मंग नर्स बी दारात थांबली. मी तिकडं वळले. शिंगं दाखवायची तर दोन हात लागतात. मी यांचा हात चादरीवर ठेवला आन् दोन्ही हातांनी शिंगं केली. आख्खा वॉर्ड हसत व्हता. माझ्या आयुष्यात मी ती गोष्ट इतकी चांगली कधी सांगितली नव्हती. गार्ड शिंगावरनं उतरायच्या आत नर्सचा चेहरा बदलला. ती माझ्या खांद्यावरनं मागं बघत व्हती. मी वळले तवा ते गेलते.

गीत नव्हतं. शेवटचं कडवं नव्हतं. हात चादरीवर मी ठेवलेला तसाच व्हता, तळवा वर. रात्री नाशिकहून अतुल आला, माझ्या गळ्यात पडला, म्हणाला, "आई, तू होतीस ना जवळ?" मी म्हणले व्हय, हात धरून व्हते. ते तोंडातनं गेलं, आन् मंग त्याला गीत लागलं, कडवं लागलं. माझ्या गोष्टी मी मुद्दाम वाढवत न्हाई, त्या अंगानं भरत जातात. दहा वर्सांत ती गोष्ट इतकी गुटगुटीत झाली की खरी दुपार तिच्या खाली कुटं गेली ते मलाच दिसंना. आन् एक गोष्ट मला तवा बी ठाऊक नव्हती, आता बी न्हाई. ते ऐकत व्हते का. ही गोष्ट त्यांनी हजारदा ऐकलेली, गार्ड शिंगावर बसला की ते दर वेळी मिशीत हसायचे. त्या दिवशी हसले का? माझी पाठ व्हती.

सिस्टरला हे सांगितलं, घराच्या मागं ती वाफ्याला पाणी घालत व्हती तवा. न वाढवता सांगितलं. सांगायला दोन मिनिटं बी लागली न्हाईत, मलाच नवल वाटलं. तिनं एवढंच विचारलं, "अतुलना माहीत आहे?" मी न्हाई म्हणले. मला वाटलं आता सांगंल, असं करा, तसं करा, क्षमा मागा. तिनं पाईप दुसऱ्या वाफ्यात टाकला आन् म्हणाली, "आजी, घंटेची वेळ झाली. बसायचं?" बसले. खाट आली. पळाले न्हाई.

उपासनेच्या दिवशी सारिका आन् कोमल नाश्त्याचे डबे घेऊन पुढं गेल्या. मी आन् अतुल मागनं गाडीत. सोमाटणे फाट्यावर गाड्यांची रांग लागलेली, पुढं कंटेनर आडवा. अतुलनं इंजिन बंद केलं. म्हणाला, "आई, पाठ आहे ना? हात, मग गीत, मग..." मी समोरच्या टेम्पोच्या मागच्या फळीकडं बघत म्हणले, "अतुल, ते गेले तवा मी त्यांचा हात धरला नव्हता." आन् सांगितलं. बाई, परंदवडी, बैल, शिंगं, नर्स. तो ऐकत व्हता, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मंग म्हणाला, "गोष्ट पूर्ण झाली होती?"

"न्हाई. गार्ड उतरायचा राहिला व्हता."

"पप्पा हसत होते?"

बघा आता. सत्तर वर्सांची मी, मावळातली सगळ्यात मोठी थापाडी, आन् माझ्या लेकानं मला ताटात वाढून दिलं व्हतं. एक व्हय म्हणलं की झालं. बाप हसत गेला, आईची गोष्ट ऐकत गेला, ह्याच्यापेक्षा गोड मरण कुणाचं? आन् खोटं असंलच असं बी न्हाई, कदाचित हसले बी असतील. तो बारीक श्वास माझ्या छातीत येऊन उभा राहिला, घाईघाईनं. मी त्याला बघितलं. तसाच बाहेर सोडला.

"मला ठाऊक न्हाई रे. माझी पाठ व्हती."

कंटेनर हलला. मागचे हॉर्न मारायला लागले. अतुलनं गाडी चालू केली आन् देहूरोडपर्यंत एक शब्द बोलला न्हाई. मी बी बोलले न्हाई. त्याच्या गप्प बसण्यात काय हाय ते मला कळंना आन् मी ते विचारलं बी न्हाई. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाची शांतता भरून काढली न्हाई.

चर्च भरलेलं. आमच्यात गडी उजव्या बाजूला बसतात, बायका डाव्या. अतुल उजवीकडं पहिल्या बाकावर जाऊन बसला, माझ्याकडं न बघता. मी डावीकडं, रजनीच्या शेजारी. गीत झालं, वाचन झालं, पाळकसाहेब म्हणाले, "आता आपल्या मावशी साक्ष देतील," आन् लोक जरा सरसावून बसले, कुणी रुमाल काढला. कोमलनं फोन वर धरला. मी उभी राहिले. एवढी माणसं, सगळी माझीच, एका शब्दानं रडवीन अशी. सांगते तुमाला, पाठ ताठ व्हती.

मी म्हणले, "माझे मालक गेले तवा मी त्यांच्याकडं पाठ करून लोकांना हसवत व्हते. त्यांचा हात मी चादरीवर ठेवला व्हता. आजपर्यंत तुमाला मी वेगळं सांगत आले. हे खरं हाय. देवाला ठाऊक व्हतं."

आन् खाली बसले. अर्धं मिनिट बी झालं नसंल. पाळकसाहेब तोंड उघडून तसेच. कुणी 'आमेन' म्हणंना, कुटं म्हणायचं तेच कळंना. उजव्या बाजूला बाक कुरकुरला. अतुल उठला व्हता. मधली वाट ओलांडून तो आमच्या बाजूला आला, बायकांच्या, ज्या बाजूला बारा वर्सांचा झाल्यापासनं तो कधी बसला नव्हता. बायका सरकल्या. तो माझ्या अंगाला लागून बसला, एवढा मोठा माणूस, गुडघे पुढच्या बाकाला टेकलेले. मागनं एक म्हातारी वाकून कुजबुजली, "अंबू, पुढं? पुढं सांग की."

मी तोंड उघडायच्या आत माझा लेक मागं वळला.

"एवढंच आहे, मावशी," तो म्हणाला. "आईचं सगळं सांगून झालं."